न धुतलेलं दुपटं

प्रवेशअर्जात तीन गोष्टी मागितल्या होत्या: रक्ताचा ताजा अहवाल, जवळच्या पाच माणसांची नावं आणि अर्जदाराच्या तान्हेपणीचं एक न धुतलेलं वस्त्र. पहिल्या दोन माझ्या भाच्याने, कैवल्यने, स्वतःच पुरवल्या. तिसरी त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे होती आणि ती शोधून द्यायला मी गेलो होतो. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे मी कुणाला नावं ठेवू लागलो, तर वाचकांना मला जागेवर बसवता येईल.

सुनीतीचा बंगला नाशिकला गंगापूर रोडवर आहे. तिथे माळा नाही, वातानुकूलित अडगळीची खोली आहे. तिथल्या एका पत्र्याच्या पेटीत दुपटं निघालं. फिका गुलाबी रंग, निळे काठ, हाताने घातलेले टाके. आमच्याकडे तान्ह्या मुलाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या बाईने नेसून नेसून मऊ केलेल्या सुती साडीची दुपटी शिवतात. मुलाला पहिला स्पर्श वापरलेल्या कापडाचा व्हावा, अशी त्यामागची समजूत.

"माझ्या बाळंतपणातल्या साडीचं आहे," सुनीती म्हणाली. "नऊ वर्षांचा होईपर्यंत हे घेऊन झोपायचा."

"आणि धुतलं नाहीस?"

"शेवटी शेवटी हातातून सोडायचाच नाही. मग पाचगणीला शाळेत गेला, आणि हे तसंच राहिलं."

"आश्रमाला कशाला लागतंय?"

"आसक्तीचा त्याग असेल, दादा. पहिली आसक्ती आधी सोडायची, असं काहीतरी."

"धुतलेली आसक्ती चालत नाही वाटतं."

ती हसली. मीही माझ्या विनोदावर खूश झालो. मग दुपट्याला हात न लावता, चिमट्याने उचलून, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये नीट गुंडाळून दिलं. वासाची वस्तू अशीच ठेवायची असते. एका उदबत्ती कंपनीत मी अडतीस वर्षं नाक म्हणून नोकरी केली होती. हुद्दा कागदावर मोठा होता, पण काम हुंगण्याचंच. त्या दिवशी हातांना सगळं आठवलं, फक्त नाकाला शंका आली नाही.

'स्वगृह' नावाची ती संस्था वैतरणेच्या जलाशयाकाठी होती. तिथे प्रवेश मिळणं परदेशी विद्यापीठापेक्षा अवघड, त्यामुळे आईबाप आधी आनंदातच असत. द्राक्षांच्या दारूचे कारखाने असलेल्यांची मुलगी, तीन इस्पितळांचा वारस, हॉटेलवाल्यांची जुळी, अशी सगळी पंचविशीच्या आतबाहेरची मंडळी तिथे होती. कैवल्यच्या वडिलांचा, हेमंतरावांचा, अंबडला मोटारींचे सुटे भाग करायचा कारखाना. मुलाची निवड झाली तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले. संस्थेच्या प्रमुखांना सगळे 'तात' म्हणत. तातांचं वय बेचाळीस.

चाळीस दिवसांनी कैवल्य दोन तासांसाठी घरी आला, फोन परत करायला. सुनीतीने स्वयंपाकीणबाईंकडून त्याच्या आवडीचे खिमा-पॅटिस करवून घेतले होते. त्याने ताटाला नमस्कार केला आणि म्हणाला, "तुम्ही कशा आहात?"

सुनीतीला वाटलं, थट्टा करतोय. "मी बरी आहे हो, साहेब. आपण?"

"मी घरी पोचलो," तो म्हणाला. थट्टा नव्हती. त्याच्या गळ्यात राखाडी कापडाची जाडसर पट्टी होती, आणि दर दोन मिनिटांनी तो हनुवटी खाली घालून तिच्यात तोंड खुपसत होता, वासरू करतं तसं.

निघताना मी त्याला मिठी मारली आणि सवयीने श्वास घेतला. खोबरेल. चुलीचा धूर. उन्हात कडक वाळलेलं सुती कापड. आणि या सगळ्याच्या खाली माणूस. अत्तरात माणूस नसतो. माणसाचा वास फक्त माणसाला येतो, नाहीतर माझ्या यंत्राला.

यंत्राबद्दल सांगायला हवं. आपण पाहतो, ऐकतो ते मेंदूत शिरताना आधी एका नाक्यावर थांबतं. तिथे तपासणी होते, मग ते पुढे जातं. वासाला हा नाका नाही. नाकातून निघालेली तार भावना आणि आठवणी जिथे राहतात, जवळजवळ थेट त्या खोलीत उघडते. मूल जन्मल्यावर काही दिवसांतच, नजर बसण्याआधी, आपल्याला छातीशी धरणाऱ्या बाईचा वास शिकतं. तो वास म्हणजे 'सगळं ठीक आहे'. पुढे माणूस हजार गोष्टी शिकतो, पण या पहिल्या धड्याच्या खाली काही नसतं.

माणसाच्या अंगाच्या वासात काही शे रेणू असतात आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. हलके रेणू तासाभरात उडून जातात. जड असतात ते सुती धाग्यात अडकून वर्षानुवर्षं राहतात, कापड धुतलं नाही तर. कवटीवरून चेहरा तयार करतात, तसा मी या उरलेल्यांवरून उडालेल्यांचा हिशेब मांडणारा प्रोग्रॅम लिहून घेतला. चौसष्ट कुप्यांमधून थेंब थेंब घेऊन तो वास पुन्हा जुळवणारा गंधमुद्रक बांधला. हेतू चांगला होता. गेलेल्या माणसाचा वास घरच्यांना मिळावा, एवढाच.

पहिला वास मी माझ्या बायकोचा, वसुधाचा काढला, तिच्या शालीवरून. महिनाभर रोज चहाच्या वेळी हुंगला. मग लक्षात आलं की या महिन्यात मी कुणाशीही भांडलो नव्हतो, एकदाही वर्तमानपत्र उघडलं नव्हतं आणि पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर हसतमुखाने सही केली होती. त्यातल्या एका कागदाने गंधमुद्रक कंपनीच्या मालकीचा झाला होता. मी बाटलीला बूच लावलं आणि निवृत्त झालो. माझा सहायक मंदार त्याच वर्षी नोकरी सोडून गेला. कुठे गेला, हे मी विचारलं नव्हतं.

आता कळलं होतं. मंदार बेचाळीस वर्षांचा झाला होता.

*

'स्वगृह'मध्ये एक शेवटचा विधी होता. त्याला 'निरोप' म्हणत. मुलाने आईवडिलांच्या पाया पडायचं, एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, आणि त्यानंतर भेट नाही, पत्र नाही, काही नाही. कैवल्यचा निरोप दहा दिवसांवर आला होता.

"उपाय आहे," मी सुनीतीला सांगितलं. "त्याच्या पट्टीत तुझा वास आहे, चोवीस वर्षांपूर्वीचा. त्यात चौसष्ट रेणू. तुझ्यात काही शे. अस्सल समोर आलं की नक्कल फिकी पडते. चार दिवस साबण नाही, सेंट नाही, पावडर नाही. सुती साडी नेस आणि त्याच्यासमोर उभी राहा."

"चार दिवस?"

"आई व्हायचंय, सुनीती. पार्टीला नाही जायचंय."

तिने ते केलं, हे तिच्या बाजूने नोंदवतो. सुती साडी मात्र विकत आणावी लागली.

आश्रमात शिरलो तेव्हा ध्यान चाललं होतं. शंभरेक मुलंमुली, प्रत्येकाच्या गळ्यात आपापली पट्टी, चेहरे दूध पिऊन झोपलेल्या बाळाचे. मी डोळे मिटून हुंगलं. बाजरीचं पीठ, मशेरी, चुलीचा धूर, खोबरेल, शेणाने सारवलेली जमीन. कोट्यधीशांच्या पोरांमध्ये उभा होतो आणि वास येत होता तो आठवडी बाजाराहून परतणाऱ्या एसटीचा. मला नवल वाटलं. एवढंच. नाकाने पुरावा समोर आणून ठेवला होता, मी पुढे चालत राहिलो.

मंदार पाया पडला. पांढरा सदरा, अनवाणी. "सर, तुम्ही बारीक झालात."

"मंदार, हे काय चालवलंयस?"

"तुमचंच काम पुढे नेतोय. तुम्ही मेलेल्यांसाठी केलंत, मी जिवंतांसाठी."

"ही मुलं गुंगीत आहेत."

"गुंगी नाही, सर. आईच्या मांडीवर बसलेलं मूल प्रश्न विचारत नाही, इतकंच. दार उघडं आहे. कुणीही जावं."

"कुणी गेलंय?"

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

कैवल्यला बाहेर बोलावलं. सुनीतीने त्याला छातीशी धरलं. मी श्वास रोखून पाहत होतो. तो शहाण्यासारखा उभा राहिला, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "तुमची तब्येत बरी नाही का?" मग मागे सरून त्याने पट्टीत तोंड खुपसलं.

परतीच्या वाटेवर गाडी स्वतः चालत होती, त्यामुळे रडायला सुनीतीचे दोन्ही हात मोकळे होते. त्र्यंबक मागे पडेपर्यंत मी थांबलो.

"सुनीती, ते दुपटं कुणाच्या साडीचं होतं?"

"माझ्या."

"तू सुती साडी कधी नेसत होतीस? परवा विकत आणलीस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "सासूबाई म्हणाल्या, जुन्या सुती साडीचंच पाहिजे. घरात होती कुणाकडे? हौसामावशीने आपली फाडली. तिनेच शिवलं." मग म्हणाली, "सगळ्यांना सांगून सांगून मला माझीच साडी वाटायला लागली होती."

हौसा म्हणजे बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला ठेवलेली बाई. चाळीस दिवसांसाठी आली आणि नऊ वर्षं राहिली.

"तिला काढलं का होतं?"

"कैवल्यला टायफॉइड झाला होता. तापात मला ढकलून द्यायचा, मावशी पाहिजे म्हणायचा. पंधरा दिवस मी त्याच्या खोलीबाहेर बसून होते, दादा. ताप उतरला आणि मी तिला जायला सांगितलं." मग, "तू असतास तर काय केलं असतंस?"

मी असतो तर बहुधा एखादा विनोद केला असता. एसटीचा वास आठवला, आणि शंभर पोरांच्या शंभर मावश्या माझ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या.

*

हौसा हरसूलजवळच्या आपल्या गावात, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पन्नाशीची, ताठ, पांढरे केस चापून बांधलेले. अंगणात नागलीचे पापड वाळत होते. सुनीती वाक्यं पाठ करून आली होती. ती विसरली.

"मावशी, कैवल्य आजारी आहे."

"ताप हाये का?" हौसाने लगेच विचारलं. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं, आणि तिने आम्हाला बसायला सतरंजी टाकली.

मी सगळं समजावलं. नाक, कापड, यंत्र. तिने दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही बरोबर होते. आतून तिची मुलगी चहा घेऊन आली. चंद्रा, दिवस भरत आलेले, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. तिने आम्हाला चहा दिला, आईलाही दिला, आम्हाला दिला अगदी तसाच, आणि आत गेली.

"पाहा," हौसा हळूच म्हणाली. "पोरगी गुणाची हाये. आई म्हणते. पण जवळ नाई बसत. दोन महिन्याची होती तवा तिला माझ्या सासूकडं टाकून तुमच्याकडं आले. आता तुम्ही सांगितलं तवा कळलं, की काय झालं ते." मग तिने मला विचारलं, "भाऊ, तुमच्या यंत्रात हिच्यासाठी काई व्हईल का? माझ्या वासाचं?"

"नाही, मावशी. नाक आधी जे शिकलेलं असतं, तेच यंत्राला जागवता येतं. नवीन शिकवता येत नाही."

तिने मान हलवली. "मग असू द्या. मी येते. पण हिचा फोन आला की मी निघंन. नातवंडाच्या बारीला मी हलणार नाई. पयल्या दिवसापून माझ्याच मांडीवर घेईन त्याला."

सुनीतीने घाईघाईने कबूल केलं. त्या वेळी तिने काहीही कबूल केलं असतं.

*

निरोपाच्या सकाळी हिरवळीवर आईवडील खुर्च्यांवर बसले होते. हौसाला मी खुर्ची दाखवली. ती गेली ती सरळ मागे, चहावाल्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पंधरा वर्षांनी बोलावलेल्या माणसालाही आपली जागा पाठ असते.

कैवल्य आला. वाकला. "तुम्ही मला इथवर आणलंत," त्याने वाक्य सुरू केलं, "आता मी..."

आणि थांबला. वारा जलाशयाकडून येत होता, मागच्या माणसांवरून. त्याने मान वर केली. सुनीतीला वळसा घालून, हेमंतरावांच्या पायावर पाय देऊन, तो चालत मागे गेला आणि हौसाच्या खांद्यात त्याने तोंड घातलं. पाच फूट दहा इंचांचा मुलगा, त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं. पट्टी त्याने स्वतःच ओढून काढली.

"कुठे गेली होतीस?"

"लई वाळलास रे," हौसा म्हणाली. "जेवत नाईस?"

सुनीती खुर्चीतच होती. मुलगा परत मिळाला होता. तिच्या चेहऱ्यावरून ते सांगता आलं नसतं.

मंदार आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. "न्या, सर. मी अडवत नाही. माझ्याकडचे निम्म्याहून जास्त नमुने आयांचे नाहीत. पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. सांगत नाही कुणाला. आयांना वाईट वाटतं." मग गाडीत बसलेल्या हौसाकडे बघून म्हणाला, "पण ही बाई रोज लागेल."

बंगल्याच्या फाटकाने हौसाला ओळखलं नाही. नऊ वर्षं ती ते फाटक हाताने उघडत होती, पण नवं फाटक चेहरे ओळखतं आणि तिच्या चेहऱ्याची नोंद नव्हती. तिला पाहुणी म्हणून आत घेतलं.

अठरा दिवस कैवल्य माणसासारखा वागला. जेवला, झोपला, एकदा माझ्याशी क्रिकेटवर भांडलाही. हौसा स्वयंपाकघरात असली की तो तिथे बसून वाचायचा. सुनीती दारातून बघायची. एकोणिसाव्या दिवशी हरसूलहून फोन आला.

"चंद्राला इथे आणू," सुनीती म्हणाली. "चांगल्या हॉस्पिटलात ठेवू. बाळही इथेच वाढेल. काही कमी पडू देणार नाही मी."

"नको, बाई," पिशवी भरत हौसा म्हणाली. "इथं आणलं की मग इथलंच व्हतं."

ती सकाळच्या गाडीने गेली. दुपारी कैवल्य 'स्वगृह'ला परतायला आपले कपडे बॅगेत भरत होता. संध्याकाळी सुनीती माझ्या दारात उभी होती. हातात ॲल्युमिनियमच्या फॉइलची गुंडाळी.

"तिचं नेसतं लुगडं. घाईत खुंटीवर राहिलं. धुतलेलं नाही."

"तिला विचारलंस?"

"तूच शिकवलंस ना, असं गुंडाळायला?"

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. ती माझ्या खुर्चीसमोर फरशीवर बसली. धाकटी बहीण आहे, लहानपणीही अशीच बसायची. कंपनीने मोडीत काढलेला जुना गंधमुद्रक माझ्याकडे पडून होता. लुगड्याचे तुकडे करून द्रावणात टाकले. पुन्हा जोडता येणार नव्हते.

*

त्यानंतर सगळं फार छान झालं. मी दर आठवड्याला एक बाटली भरून द्यायचो आणि सुनीती रोज सकाळी मानेला आणि मनगटांना दोन दोन थेंब लावायची. कैवल्य तिला पुन्हा 'तू' म्हणू लागला. तिच्याजवळ बसू लागला. वडिलांबरोबर कारखान्यात जाऊ लागला आणि पुढे येतील त्या कागदांवर हसतमुखाने सह्या करू लागला. हेमंतरावांच्या भागीदाराची मुलगी त्याला सांगून आली, तो हो म्हणाला. मुलीचं नाव त्याने नंतर विचारलं.

"मुलगा सुधारला," हेमंतराव म्हणाले. त्यांनी पुन्हा पेढे वाटले.

क्रिकेटवर तो माझ्याशी पुन्हा भांडला नाही.

साखरपुड्याला सुनीतीने हौसाला बोलावलं. रीत म्हणून. हौसा आली, चंद्राला आणि पाच महिन्यांच्या नातीला घेऊन. सुनीतीने तिला आल्या आल्या नवीकोरी रेशमी साडी नेसायला लावली. दारात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावायचं आणि गुलाबपाणी शिंपडायचं काम वधूवरांच्या मामांपैकी माझ्याकडे होतं. हौसाला मी दोन्ही अगदी सढळ हाताने केलं. पाहुणीचा मान.

कैवल्य येऊन तिच्या पाया पडला. "बऱ्या आहात ना, मावशी?" आणि सुनीतीशेजारी जाऊन बसला.

हौसाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नातीला कडेवर सावरत ती सुनीतीला मूल दाखवायला पुढे झाली. "माझ्याबिगर राहत नाई कुणाकडं," ती हसून म्हणाली. "सख्ख्या आईकडंसुद्धा रडती."

पोरीने मान वळवली. नाकपुड्या हलल्या. कडेवरून तिने स्वतःला पुढे झोकून दिलं, सुनीतीकडे. सुनीतीने सवयीने हात पुढे केले. पोरीने तिच्या मानेत तोंड घातलं, एक सुस्कारा सोडला आणि निवांत पडून राहिली.

"ये," हौसा म्हणाली. हात पसरले. हातांना माझं अत्तर होतं. "ये की, माझी बाय."

पोर हलली नाही.

आपला वास आपल्याला येत नाही. पण हौसाला मी सगळं समजावलं होतं, आणि तिने दोन्ही प्रश्न बरोबर विचारले होते. तिने सुनीतीकडे पाहिलं, कैवल्यकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "माझं लुगडं इथं राह्यलं होतं."

मी अत्तरदाणीचं झाकण लावलं.

"बाईंना सांगा, साबण लावून आंघोळ करून या. माझी नात मला द्या."

सुनीतीच्या एका खांद्यावर ते मूल होतं आणि दुसऱ्या बाजूला, तिच्या दंडाला टेकून, तिचा मुलगा बसला होता, हसतमुख. न्हाणीघर दहा पावलांवर होतं. सुनीतीने एकदा तिकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. उठली नाही.

हौसा हात पसरून उभी होती. दारात नव्या पाहुण्यांची रांग लागली होती आणि अत्तरदाणी माझ्याकडे होती. मी तिकडे गेलो.